सोसायटीच्या मीटिंगा, घरातले वाद आणि समोरच्याचं नीट ऐकणं

तळमजला

नमस्कार मंडळी. आमची इमारत चेंबूरला. चार मजली, लिफ्ट नाही, गच्ची गळते. पुनर्विकासाचं घाटतंय. मुंबईत ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नकोच: कार्पेट एरियावरून हमरीतुमरी, रात्री साडेबाराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दोन फुटी मेसेज, आणि मीटिंगमध्ये एकाच वेळी सहा जण उभे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के संमती पुरते. त्यामुळे "आकडा झालाय ना, मग बाकीच्यांचं काय ऐकत बसायचं" म्हणणारेही कमिटीत आहेत. कागदावर त्यांचं बरोबर आहे. पण उरलेले लोक पुढे त्याच जिन्यात भेटणार असतात, आणि कोर्टाची पायरीही त्यांना माहीत असते.

म्हणून सही न केलेल्यांच्या घरी जायचं काम मी मागून घेतलं. समजावायला जायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत. ऐंशीच्या घरात, एकट्या. प्रत्येक मीटिंगमध्ये त्यांचा एकच मुद्दा: "पार्किंगचं आधी लिहून द्या." यांच्याकडे ना गाडी ना स्कूटर. लोक हसायचे, अध्यक्ष "आजी, दोन लेव्हलचं आहे, झालं?" म्हणून पुढच्या विषयावर. मी गेलो तेव्हाही पार्किंगनेच सुरुवात. मी प्लॅन काढला नाही, विचारलं, "पार्किंग आलं की तुमची नेमकी काय अडचण होईल?" तर म्हणाल्या, खाली गाड्या आल्या की बाकडी जाणार. मी म्हटलं, "म्हणजे संध्याकाळचं खालचं बसणं मोडेल, असं म्हणताय का?"

"मोडेल काय, मोडणारच. तीन वर्षं भाड्याच्या घरात. कोण ठाण्याला जाईल, कोण पनवेलला." आणि थांबल्या. "आजी, भाडं बिल्डर देतो" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. गिळलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझी दुधाची पिशवी आठनंतरही कडीला दिसली तर समोरची शेजारीण बेल मारते. तिच्याकडे किल्ली आहे माझी. तिकडे कोण मारणार बेल?"

म्हणजे इतके महिने आम्ही त्यांना पार्किंगचे नकाशे दाखवत होतो.

सही त्यांनी अजून केलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. पण कमिटीपुढे आता निदान खरा प्रश्न आला आहे: त्या काळात या दोघींना एकाच मजल्यावर भाड्याची घरं मिळतील का? त्यासाठी एजंटकडे विचारणा सुरू आहे.

या प्रकाराला अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग म्हणतात. हे नाव रुळलं १९५७ मध्ये, कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फारसन यांनी शिकागो विद्यापीठाच्या इंडस्ट्रियल रिलेशन्स सेंटरसाठी लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेमुळे. रॉजर्स हे मानसोपचारातले मोठे नाव, पण ही पुस्तिका उद्योगधंद्यातल्या लोकांसाठी होती. त्यातलं मला पटलेलं सांगतो. शब्द ऐकायचे तसा त्यामागचा भावही ऐकायचा, आणि सल्ला द्यायची, चूक-बरोबर ठरवायची घाई करायची नाही. कौतुकसुद्धा कधी कधी आड येतं म्हणतात ते. "तुम्ही तर किती खंबीर आहात हो" म्हटल्यावर माणूस रडायचं कुठे?

तुम्ही हे कुठे वापरता? सवय कशी लावली? आणि कुठे फसतं तेही लिहा.

अंबरनाथ फास्ट

वाखूसा (वाचनखूण साठवली). दुधाच्या पिशवीला +१, आमच्या मजल्यावरही तीच पद्धत.

माझं निरीक्षण: मुंबईत सगळ्यात चांगलं ऐकणं लेडीज डब्यात होतं. चौथ्या सीटवर अर्ध्या टेकलेल्या बाईला शेजारची सगळं सांगते, सासूपासून गर्भाशयाच्या गाठीपर्यंत. ऐकणारी मटार सोलत "हं, मग?" एवढंच म्हणते. तिला दादरला उतरायचं असतं, प्रश्न सोडवायची जबाबदारी तिच्यावर नसते, म्हणून तिला ऐकता येतं. घरी आपण लगेच सोडवायला बसतो.

स्पष्टवक्ता

लेख बरा आहे, पण मी जरा पिंक टाकतो.

आमच्या ऑफिसात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं याचं. पवईच्या हॉटेलात, जेवणासकट. तेव्हापासून मॅनेजर मान डोलावतो, पुढे झुकतो, "तुझं म्हणणं मला असं समजलं की..." म्हणतो आणि शेवटी व्हायचं तेच होतं. रजा नामंजूर. पूर्वी पाच मिनिटांत नामंजूर व्हायची, आता पंचवीस मिनिटं लागतात. तळमजला, तुमचंही शेवटी सही मिळवण्यासाठीच चाललंय ना? मग सेल्सवाल्यात आणि तुमच्यात फरक काय?

तळमजला

@स्पष्टवक्ता, रास्त प्रश्न. सही हवी आहे, नाकारत नाही. माझ्यापुरती कसोटी अशी की ऐकल्यानंतर माझ्या बाजूचं काही हललं का. आजींचं ऐकून कमिटीच्या यादीत एक काम वाढलं, आणि ते नको असलेलं काम आहे. तुमच्या मॅनेजरच्या बाजूचं काहीच हलायचं नव्हतं. त्याने तसं सरळ सांगितलं असतं तर निदान तुमची वीस मिनिटं वाचली असती.

ओपीडी नंबर सात

सरकारी रुग्णालयात काम करते, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन डॉक्टरांचा १९८४ चा अभ्यास आमच्याकडे शिकवताना नेहमी सांगतात: पेशंट तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो. यावर सगळे म्हणतात, "बोलू दिलं तर अर्धा तास थांबणार नाही." ते मात्र खरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली ३३५ पेशंटांना न तोडता बोलू दिलं. सरासरी ९२ सेकंदांत बोलणं संपलं, आणि १०० पैकी ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले.

आमची रांग त्यांच्यापेक्षा लांब असते हे कबूल. तरी पहिला दीड मिनिट सोडून देणं परवडतं. नाहीतर गुडघ्याच्या गोळ्या लिहून होतात, पेशंट दारापर्यंत जातो आणि पडद्याला हात लावून म्हणतो, "डॉक्टर, अजून एक... छातीत जरा भरून येतं जिना चढताना." म्हणजे सगळं परत पहिल्यापासून.

एक छोटी गोष्ट घरीही चालते. "आणखी काही नाही ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" हेच येतं. "आणखी काय सांगायचंय?" विचारा आणि कागदावरून नजर वर घ्या.

बंड्या

मस्त धागा. पण मंडळी, संवादात ९३ टक्के देहबोली आणि आवाज असतो, शब्द फक्त ७ टक्के! त्यामुळे शब्द ऐकण्यापेक्षा चेहरा वाचायला शिका.

चष्मिष्ट

बंड्याभाऊ, हा आकडा प्रत्येक ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतो आणि प्रत्येक वेळी चुकीच्या जागी असतो. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे दोन प्रयोग आहेत. एकेकटा शब्द, तो वेगवेगळ्या सुरात म्हटलेला, सोबत चेहऱ्याचा फोटो. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, याचा अंदाज लोक कशावरून बांधतात, एवढाच सवाल होता. सगळ्या संवादाला ते लागू नाही असं स्वतः मेहराबियननीच सांगितलंय. नाहीतर तमिळ न येता चेहरा बघून तमिळ भाषणाचं ९३ टक्के कळायला हवं.

याच विषयावर राल्फ निकोल्स हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. मिनेसोटा विद्यापीठातले. १९५७ मध्येच त्यांनी लिहिलंय की भाषण ऐकून लगेच विचारलं तरी सरासरी माणसाला निम्मंच आठवतं, आणि दोन महिन्यांनी पाव. कारण त्यांनी असं दिलं: इंग्रजीत माणूस मिनिटाला साधारण १२५ शब्द बोलतो, डोकं त्याहून पुष्कळ जोरात धावतं. उरलेल्या वेळात ते उंडारायला जातं. म्हणजे "लक्ष दे" म्हणून उपयोग नाही, त्या मोकळ्या वेळाला काम द्यावं लागतं. हा माणूस पुढे कुठे निघालाय? जे म्हणतोय त्याला आधार काय देतोय? आतापर्यंतचं थोडक्यात काय झालं? आणि न बोलता काय सोडतोय? मी कंटाळवाण्या झूम मीटिंगमध्ये हे करतो. निदान झोप लागत नाही.

हडळीचा नवरा

तळमजला यांचा सल्ला वाचून काल प्रयोग केला. बायको म्हणाली, "मी दमलेय, सगळं मीच करते." मी म्हटलं, "म्हणजे तू दमली आहेस आणि सगळं तूच करतेस." ती म्हणाली, "पोपट पाळलाय का मी?"

भांडी मी घासली. पुढचे उपाय सुचवा.

मध्यस्थ ताई

@हडळीचा नवरा, हसले खूप :) भांडी घासलीत हे उत्तम उत्तर होतं, पण कारण वेगळं आहे.

मी नवराबायकोच्या वादांत समुपदेशनाचं काम करते. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा झाला त्यातच समुपदेशकांची सोय आहे, वांद्र्याच्या कोर्टातही आधी त्यांच्याकडे पाठवतात. तिथे येणाऱ्या जोडप्यांचा मोठा भाग असा असतो की दोघंही वर्षानुवर्षं बोलतच आलेत, आणि दोघांनाही खात्री आहे की समोरच्याला पत्ताच नाही.

वाक्य जसंच्या तसं परत केलं तर चिडवल्यासारखं वाटतं. परत द्यायचा तो अर्थ, आणि तोही अंदाज म्हणून. "सगळं मीच करते" यात काम किती हा मुद्दा फार थोडा असतो. "तुला सांगावं लागतं, स्वतःहून कुणी उठत नाही, हे जास्त लागतं का?" असं विचारून बघा. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. "नाही, तसं नाही..." म्हणून ती स्वतः नीट सांगेल. चुकीच्या अंदाजाचाही उपयोग होतो, फक्त तो प्रश्न म्हणून यावा, निकाल म्हणून नको.

आणखी एक. कोर्समध्ये शिकवलेली वाक्यं घरात बोलू नका. "तुला राग आला आहे असं मला जाणवतंय" हे कुठल्याही मराठी घरात कुणी बोलत नाही. बोललं तर समोरचा म्हणतो, "तब्येत बरी आहे ना?" आपल्याकडे तेच "फारच मनाला लागलं ना गं ते?" असं म्हणतात. किंवा काहीच न म्हणता चहा टाकतात आणि तिथेच ओट्याला टेकून उभे राहतात. तेही चालतं, फक्त टेकून उभं राहताना हातात मोबाईल नको.

बसायची जागाही बघा. वन रूम किचनमध्ये, सासू-सासरे टीव्हीसमोर असताना मनातलं कुणी बोलत नाही. मी जोडप्यांना खाली चालायला पाठवते. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, पुष्कळांना ते सोपं जातं.

रिटायर्ड एसएम

मी मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. तुम्ही ज्याला परत सांगणं म्हणता ते आमच्याकडे नियम आहे, स्वभावाचा भाग नाही. गाडी येणार, फाटक बंद करायचंय. मी गेटमनला फोन करतो. त्याने "हो साहेब" म्हटलं तर ते माझ्या लेखी काहीच नाही. तो गाडीचा नंबर परत म्हणतो, फाटक लावतो आणि मग त्याच्या यादीतला पुढचा प्रायव्हेट नंबर मला देतो. तो नंबर मी रजिस्टरात लिहितो, तोही लिहितो. यादीतला एक नंबर एकदाच वापरायचा, त्यामुळे सवयीने "हो हो" करायची सोयच नाही. दोन स्टेशन मास्तरांमध्येही तसंच.

यातली खुबी अशी की गेटमन हुशार आहे की आळशी, माझं त्याच्याशी जमतं की नाही, याने फरक पडत नाही. म्हणून सवयीबद्दल माझं मत: मन शुद्ध होण्याची वाट बघू नये, आधी पद्धत लावावी. मी घरी अजून सूनबाईंनी सांगितलेल्या बाजारातल्या वस्तू दारात उभा राहून परत म्हणून दाखवतो. तिला आधी विचित्र वाटायचं. आता ती स्वतःच थांबते आणि म्हणते, "बाबा, नंबर द्या."

अंबरनाथ फास्ट

"बाबा, नंबर द्या" =)) आवडेश.

कानसेन

ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, म्हणून थोडं अवांतर, पण मला ते अवांतर वाटत नाही. "आमचे बाबा ऐकूनच घेत नाहीत" म्हणून घरचे तक्रार करतात त्यातल्या कितीतरी बाबांना खरंच ऐकू येत नसतं. वयाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ असली व्यंजनं विरघळतात आणि स्वर शाबूत राहतात. त्यामुळे माणूस म्हणतो, "आवाज येतो, शब्द कळत नाही." मग तो चुकीचं उत्तर देतो, किंवा विषय स्वतःच्या बाजूला ओढतो, कारण स्वतः बोलत असेल तोवर ऐकावं लागत नाही. घरच्यांना वाटतं, हेकेखोर झालाय.

ओरडून उपयोग नाही, ओरडण्याने शब्द आणखी फाटतात. समोर या, तुमच्या तोंडावर उजेड राहील असे बसा, पंखा-टीव्ही कमी करा, जरा सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य चौथ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. आणि तपासणी करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, या कामासाठीच आहे.

तळमजला, तुमच्या मीटिंगा कुठे होतात? पार्किंगमध्ये, रस्त्याकडेला, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून? मग मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना निम्मं कळतच नसणार, आणि ते सही का करत नाहीत यावर चर्चा.

तळमजला

@कानसेन, अगदी तिथेच होतात, आणि समोरून मोनोरेलचा रस्ता. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शाळेचा हॉल मिळतो का बघतो.

दरम्यान मागच्या रविवारी कमिटीत एक प्रयोग केला, तो सांगतो. रॉजर्स यांनीच १९५२ मध्ये सुचवलेला नियम आहे: वादात तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायचं असेल तर आधी अगोदरच्या माणसाचं म्हणणं आणि त्यामागची भावना मांडून दाखवायची, आणि ती त्याला पटली पाहिजे. मगच तुमची पाळी. मी फक्त बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पस फंडाच्या एका विषयापुरतं मागितलं.

पहिली दहा मिनिटं चक्क बंडाळी. "शाळा आहे का?" झालं. तिसऱ्या मजल्यावरचे काका शेजाऱ्याचं म्हणणं मांडायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत स्वतःच्या मुद्द्यावर आले. शेजारी म्हणाले, "मी असं म्हटलंच नाही." पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काका स्वतःच हसायला लागले आणि म्हणाले, "अरे, पुन्हा एकदा सांग बाबा, मी उत्तर जुळवत होतो." तिथून आवाज खाली आले. वेळ दुप्पट लागला, कॉर्पसचा आकडा ठरला नाहीच. पण एक गोष्ट कळली की दोन गट वेगवेगळ्या गोष्टींना कॉर्पस म्हणत होते. एका गटाच्या डोक्यात प्रत्येक घराला हातात मिळणारी रक्कम होती, दुसऱ्याच्या डोक्यात सोसायटीच्या खात्यातली.

पुढच्या विषयाला लोकांनी हा नियम नको म्हणून ठराव केला. एकमताने.

स्पष्टवक्ता

एकमताने काहीतरी झालं हेच विशेष. :D

मेहराबियनबद्दल चष्मिष्ट यांचे आभार, तो आकडा मीही स्लाइडवर पाहिला होता. पण एक मुद्दा राहिला. ऐकायची अपेक्षा नेहमी खालच्याकडूनच का? बायकोने ऐकावं, कामवालीने ऐकावं, ज्युनिअरने ऐकावं. तेच वरचा माणूस दोन मिनिटं ऐकला की त्याचं कौतुक आणि ट्रेनिंग. आणि तासन्तास दुसऱ्याचं रडगाणं ऐकणाऱ्या माणसाचं काय? माझ्या बहिणीला सगळे सगळं सांगतात. ती वाळत चालली आहे.

मध्यस्थ ताई

बहिणीला सांगा, थांबवता येतं. "मला ऐकायचंय, पण आज डोक्यात जागा नाही, उद्या संध्याकाळी बोलू" हे म्हणणं अर्धवट कानाने तासभर बसण्यापेक्षा चांगलं, आणि उद्या खरंच फोन करायचा. शिवीगाळ, मारहाण करणाऱ्याचं समजून घेत बसायचं नसतं, तिथे हे काहीही लागू नाही.

आणि कुणी "जगून काय उपयोग" असं बोलू लागलं तर घाबरून विषय बदलू नका. "जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. गुप्त ठेवायचं वचन मात्र देऊ नका, एकटं सोडू नका, घरच्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सामील करून घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, मराठीतही बोलतात. तो ऐकणाऱ्यांनीही लावला तर चालतो.

चाफेकळी

सगळा धागा वाचला. माझी अडचण छोटी आहे. सासूबाई एकच गोष्ट परत परत सांगतात. गिरणगावातलं त्यांचं लहानपण, बावला कंपाउंडचा गणपती, गिरणीचा भोंगा. मला अक्षरशः पाठ झालंय. मान डोलावली की त्यांना कळतं मी ऐकत नाहीये. काय करू?

मध्यस्थ ताई

गोष्ट ठरलेली असते, तपशील नसतात. आजवर न विचारलेलं एखादं विचारा. भोंगा वाजला की घरात कोण काय करायचं? डबा कोण न्यायचं, त्यात काय असायचं? बहुतेक वेळा गोष्ट रूळ बदलते आणि तुम्हालाही नवीन काहीतरी मिळतं.

ओपीडी नंबर सात

ताईंच्या उत्तराला एक जोड. जुनी गोष्ट महिन्यात चारदा येणं वेगळं. पण "जेवलीस का?" हा प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येत असेल, किंवा गॅस, किल्ल्या, पैसे यांत गोंधळ व्हायला लागला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२, औषधांचे परिणाम, नैराश्य यांनीही असं होतं आणि त्यांवर उपचार आहेत. कानसेन म्हणतात तसे कानही तपासून घ्या.

चाफेकळी

किल्ल्यांचं झालंय दोनदा. या आठवड्यात घेऊन जाते.